पागोळीपासून पोकळीपर्यंत : पिकअप ट्रकच्या पत्र्यात शिरणाऱ्या पाण्याचा इतिहास

अमेरिकन पिकअप ट्रकचा इतिहास सहसा दोन गोष्टींभोवती सांगितला जातो : इंजिनाची ताकद आणि गाडीचा वाढत गेलेला आकार. या धाग्यात तो जरा वेगळ्या अंगाने पाहू. प्रश्न अगदी साधा आहे. पाऊस पडला की छपरावरचे, दारांवरचे, हौद्यातले पाणी जाते कुठे? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणाला तरी मोजावी लागली. बहुतेक वेळा ती मोजणारा गाडीचा पहिला मालक नव्हता. #धागा

आरंभी शब्दांची थोडी जुळवाजुळव. माल ठेवण्याच्या मागच्या भागाला आपल्याकडे हौदा म्हणतात, आणि तो मागून उघडणारी झडप म्हणजे फाळका. छपराच्या कडेने जाणाऱ्या पत्र्याच्या बारीक नालीला मी पन्हळ म्हणणार आहे, कारण तिचे काम घराच्या पन्हळीसारखेच असते : पागोळ्या भिंतीवर न पडू देता पाणी कडेने वाहून नेणे. गाडीच्या बाबतीत भिंतीच्या जागी दार आणि काच आहे, इतकाच फरक.

१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ ही गाडी जाहीर केली. किंमत २८१ डॉलर. कारखान्यातूनच हौदा बसवून आलेली ही फोर्डची पहिली पिकअप. त्यापूर्वी शेतकरी आणि लहान व्यापारी साधी मोटार किंवा नुसती चासी विकत घेत आणि गावच्या सुताराकडून मागे पेटी ठोकून घेत. गाडीचा पुढचा अर्धा भाग कारखान्याचा आणि मागचा अर्धा गावचा, अशी ती जोडणी असे.

१९२५ च्या या गाडीत पाऊस शिरत असे का? सर्रास. छप्पर घडी होणाऱ्या कापडाचे, बाजू उघड्या, पायाखाली लाकडी फळ्या. वरून जे पाणी येई ते फळ्यांच्या फटींतून खाली निघूनही जाई. चालक भिजे, गाडी मात्र दुसऱ्या दिवशी कोरडी. ‘गळती’ हा शब्द या गाडीला लावताच येत नाही, कारण गळण्यासाठी आधी काहीतरी बंद असावे लागते.

बंद केबिनची पिकअप फोर्डच्या मॉडेल ए मालिकेत १९२८ पासून मिळू लागली. हा ‘बंद’ शब्द थोड्या उदारपणे घ्यावा लागेल. छपराचा मधला भाग पोलादी नव्हता. लाकडी पट्ट्या, त्यांवर कापसाचा थर आणि त्यावर लेप दिलेले जाड कापड, अशी त्याची रचना होती. छपराएवढा रुंद आणि निर्दोष पत्रा तेव्हा सहजी मिळत नसे, आणि मिळाला तरी एवढा मोठा तुकडा एका दाबात घडवणारी यंत्रे विरळ होती. कापडाची कड जिथे पत्र्याला मिळे तिथे खिळे मारून वरून पट्टी बसवत. उन्हापावसाने कापड आक्रसले की त्या पट्टीखालून पाणी शिरे. आतले लाकूड कुजले की खिळे सैल होत, आणि खिळे सैल झाले की आणखी पाणी शिरे. त्या काळच्या मालकाला वरचेवर छपराला रोगण लावावे लागे. पावसाळ्याआधी कौले चाळण्यासारखेच ते काम होते.

या कोंडीतून वाट काढली ती मोटारवाल्यांइतकीच पोलादवाल्यांनी. १९२० च्या दशकात केंटकी राज्यातील ॲशलंड येथे जॉन टायटस यांनी अखंड पट्टीच्या स्वरूपात रुंद पत्रा लाटणारी गिरणी उभी केली. तिकडे फिलाडेल्फियात एडवर्ड बड यांनी १९१० च्या दशकातच डॉज बंधूंसाठी सर्वपोलादी, वेल्डिंगने जोडलेल्या बॉडी तयार करून दाखवल्या होत्या. या दोन धारा एकत्र आल्यावर १९३५ च्या मॉडेलांसाठी जनरल मोटर्सने ‘टरेट टॉप’ नावाचे एकसंध पोलादी छप्पर आणले. इतर कंपन्याही काही वर्षांत त्याच मार्गाने गेल्या आणि ट्रकच्या केबिनही सर्वपोलादी झाल्या. छपराच्या मध्यभागाचा प्रश्न इथे कायमचा मिटला.

मात्र पाण्याला मध्यभागाशी कधीच देणेघेणे नसते. त्याला हव्या असतात कडा.

सर्वपोलादी केबिन म्हणजे अनेक घडवलेल्या पत्र्यांची जोडणी. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून काही अंतरावर वेल्डिंगचे ठिपके मारतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये पत्रे एकमेकांना टेकलेले असतात, चिकटलेले नसतात. त्या केसाएवढ्या फटीत केशाकर्षणाने पाणी ओढले जाते, प्रसंगी वरच्या दिशेनेही चढते, आणि एकदा शिरले की वाऱ्याने सुकत नाही. उघड्या पत्र्यावरचा थेंब तासाभरात उडून जातो. जोडातला थेंब आठवडाभर तिथेच राहतो. म्हणून कारखान्यात या जोडांवर लुकण भरत. हे काम बराच काळ हाताने होत असे, ब्रशने किंवा पिचकारीने. एखाद्या कामगाराचा हात बोटभर जागेवर फिरायचा राहिला, तर ते दहा वर्षांनी कोणाच्या तरी पायाखालच्या चटईत उमटे.

त्या काळच्या छपराची पन्हळ ही या दृष्टीने मला फार प्रामाणिक रचना वाटते. छपराचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात तोच जोड बाहेर काढून त्याची नाली केली, तिच्यात लुकण भरले आणि वरून रंग दिला. जोड झाकला नाही, तोच पाण्याचा रस्ता केला. लुकणाला तडा गेला तर तो दिसे. डोळ्यांना दिसे, बोटाला लागे, आणि कोणताही पत्राकाम करणारा तो खरवडून पुन्हा भरू शके.

हौद्याची कहाणी याहून वेगळी, आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा तिच्यातच आहे. १९४७ साली आलेल्या शेवरोलेच्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ट्रकांच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा होता. फळ्यांच्या मधल्या फटींवर पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असत. पाणी त्या सांध्यांतून झिरपून जाई आणि फळी कुजली तर तेवढी एकच फळी बदलता येई. हौद्याच्या बाजू एकेरी पत्र्याच्या होत्या, आणि चाकांवरचे मडगार्ड हौद्याच्या बाहेर, वेगळे, बोल्टांनी लावलेले. चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला लागे. नळीने धुतला की गेला. मडगार्ड गंजले तर तेवढेच काढून दुसरे बसवता येई.

मग १९५५ साल उजाडले. शेवरोलेने ‘कॅमिओ कॅरिअर’ नावाची देखणी पिकअप काढली. तिच्या हौद्याच्या बाहेरच्या बाजू केबिनच्या बरोबरीने सपाट, गुळगुळीत. मडगार्डचा फुगवटा नाहीसा. हे साधले होते जुन्याच अरुंद हौद्याला बाहेरून फायबरग्लासचे आवरण लावून. गाडी महाग होती आणि फारशी खपली नाही, पण तिने नजर बदलली. १९५७ मध्ये फोर्डने ‘स्टाइलसाइड’ आणि १९५८ मध्ये शेवरोलेने ‘फ्लीटसाइड’ या नावांनी सपाट बाजूंचे हौदे पोलादात आणले. शहराकडे तोंड करून बसलेल्या ग्राहकाला ते आवडले. जुन्या पद्धतीचा हौदा ‘स्टेपसाइड’ आणि ‘फ्लेअरसाइड’ या नावांनी काही दशके मागे उरला.

इथे एक गमतीशीर आणि दुर्दैवी विसंगती आहे. नवे रूप प्रथम ज्या पदार्थात आले तो फायबरग्लास गंजत नाही. तेच रूप लोकप्रिय होऊन पोलादात उतरले तेव्हा एकेरी भिंतीच्या जागी पोकळी आली. बाहेर रंगवलेला गुळगुळीत पत्रा, आत चाकावरची कमान, आणि दोहोंच्या मध्ये हात पोहोचणार नाही अशी कपार. चाकाने उडवलेला ओला चिखल या कपारीत कमानीच्या माथ्यावर साचू लागला. वरून हौद्याच्या कडेच्या छिद्रांतून पावसाचे पाणी त्यावर ठिबकू लागले. चिखल हा स्पंजासारखा असतो. पाऊस थांबल्यावरही तो पत्र्याला ओला ठेवतो. म्हणून सपाट बाजूंच्या जुन्या पिकअपना गंज धरतो तो प्रथम चाकावरच्या कमानीशी, आणि धरतो आतून. बाहेर रंगाला बारीक फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा कधीच संपलेला असतो.

(केबिन आणि हौदा यांच्यामधली फट तरी का ठेवतात, असा प्रश्न एखाद्याला पडेल. फोर्डने १९६१ मध्ये ती बुजवून दोन्ही भाग एकसंध केले होते. पण पिकअपची चासी ओझ्याखाली वाकते, पिळते. भरलेल्या गाडीची दारे अडकतात अशी त्या रचनेची कीर्ती झाली आणि १९६३ नंतर ती बंद पडली. काही फटी ठेवाव्याच लागतात.)

या पोकळ्यांच्या युगातच रस्त्यांवर मीठ आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांनी हिवाळ्यात रस्ते बर्फमुक्त ठेवण्यासाठी मिठाचा वापर झपाट्याने वाढवला. १९५० च्या दशकाच्या मध्याला वर्षाकाठी सुमारे १० लाख टन असलेला हा वापर १९७० च्या सुमारास १ कोटी टनांच्या घरात गेला. खारट पाणी गंजाचा वेग वाढवते आणि पोकळीत साचलेल्या चिखलात मीठ वर्षभर टिकते. हिवाळ्यातील मीठ आणि वसंतातला पाऊस, यांनी मिळून ती पिढी खाल्ली.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी इथे साधनांचा एक मुद्दा. कंपन्यांची रंगीत जाहिरातपत्रके वाचली तर या काळात फक्त प्रगती दिसते. त्याच कंपन्यांची कार्यशाळांसाठीची पुस्तके आणि विक्रेत्यांना पाठवलेली परिपत्रके वाचली तर दुसराच इतिहास समोर येतो : कोणत्या जोडातून पाणी येते, कुठे लुकण पुन्हा भरावे, कोणते छिद्र तपासावे. दोन्ही एकाच कचेरीतून निघालेले कागद आहेत. वाचक मात्र वेगळे.

या दुसऱ्या प्रकारच्या कागदांत सर्वांत बोलके प्रकरण फोर्डच्या ‘जे-६७’ या कार्यक्रमाचे. १९६९ ते १९७३ या वर्षांच्या मोटारी आणि हलके ट्रक यांच्या बॉडीवरील गंजासाठी कंपनीने १९७२ मध्ये दुरुस्तीची एक मर्यादित योजना सुरू केली. ती जाहीर केली नाही. जो ग्राहक तक्रार घेऊन नेटाने पुढे येईल त्याच्यापुरती ती होती. जो गप्प बसला त्याने स्वतःच्या खिशातून पत्रा बदलला. पुढे ‘गुप्त वॉरंटी’ या नावाने अमेरिकेत जी चर्चा झाली तिच्यात हे उदाहरण पुनःपुन्हा येते. कॅनडात तर गंजलेल्या फोर्ड गाड्यांच्या मालकांनी त्याच दशकात स्वतःची संघटना काढली. आतून लागणारा गंज वर यायला काही वर्षे लागतात, तोवर हमीची मुदत संपलेली असते आणि गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली असते. तो हात सुताराचा, प्लंबरचा, छोट्या शेतकऱ्याचा. तक्रारीची पत्रे लिहीत बसायला त्याला सवड कुठली?

कारखान्यांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. फोर्डमधील रसायनज्ञ जॉर्ज ब्रूअर यांनी विकसित केलेली विद्युत-लेपनाची पद्धत १९६० च्या दशकात रूढ होत गेली. अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवायची, विजेचा प्रवाह सोडायचा, आणि रंगाचे कण ब्रश जिथे कधीच पोहोचला नसता तिथपर्यंत पत्र्यावर बसवायचे. पुढे जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आले. पोकळीवर सापडलेला हा पहिला खरा इलाज. परंतु टाकीत बुडवायचे तर रंग आत शिरायला आणि नंतर निथळायला वाट हवी, म्हणून तळाच्या पत्र्याला अनेक भोके ठेवावी लागली आणि नंतर ती बुचांनी बंद करावी लागली. गंज रोखण्यासाठी पाडलेली ही भोके बूच सैल झाल्यावर पाण्याची दारे होतात. पिकअपचा तळ ओला आणि छप्पर कोरडे असेल, तर जाणकार कारागीर आधी ही बुचे चाचपतो.

दाराचा विचार इथेच करायला हवा, कारण त्याविषयीचा गैरसमज सार्वत्रिक आहे. दाराच्या आत पाणी जाऊ नये अशी दाराची रचना नसतेच. काच खाली-वर सरकते त्या फटीला असलेली रबरी पट्टी पाणी पुसते, पूर्ण अडवत नाही. पाऊस दाराच्या पोटात उतरतो, तळाच्या छिद्रांतून बाहेर जातो, आणि केबिनमध्ये येऊ नये म्हणून आतल्या सजावटीमागे एक जलरोधक पडदा चिकटवलेला असतो. काचेचे यंत्र दुरुस्त करताना कोणी हा पडदा टराटरा फाडला आणि तसाच सोडला, की पुढच्या पावसात पायाखाली तळे. त्याहून वाईट म्हणजे तळाची छिद्रे ‘इथूनच पाणी येत असणार’ अशा समजुतीने कोणी बुजवली, तर दाराची टाकी होते आणि तिचा तळ काही वर्षांत झडतो. काचेच्या पुढच्या बाजूला, वायपरखाली, हवा आत घेणारी जी पेटी असते तिचेही असेच. तीही पाणी घेण्यासाठीच केलेली असते; पाने साचून तिची मोरी तुंबली की पाणी डॅशबोर्डखाली उतरते.

१९७३ च्या तेलसंकटाने छपराच्या पन्हळीचा निकाल लावला. १९७५ मध्ये अमेरिकेत इंधन-कार्यक्षमतेचा कायदा झाला आणि १९७९ च्या मॉडेलांपासून हलक्या ट्रकांनाही त्याची मानके लागू झाली. वाऱ्याला अडवणारी प्रत्येक उंच कड आता संशयित ठरली. १९८८ च्या शेवरोले सी/के मालिकेत दारांच्या वरच्या कडा थेट छपरात वळवल्या गेल्या आणि बाहेरची पन्हळ दिसेनाशी झाली. गाडी गुळगुळीत, आवाज कमी. आता पाणी अडवण्याचा भार दाराच्या रबरावर आला. सुदैवाने १९६० च्या दशकापासून उपलब्ध झालेले इपीडीएम हे कृत्रिम रबर नैसर्गिक रबरापेक्षा ऊन आणि ओझोन पुष्कळ चांगले सोसते. नाहीतर हा बदल पचलाच नसता. तरीही पन्हळ होती तिथे पोलाद होते, आणि आता तिथे मऊ होणारी, चेपणारी, पंधरा वर्षांत कडक होणारी वस्तू आहे. पावसात दार उघडल्यावर आसनावर पडणारी पागोळी हीदेखील याच सौंदर्यदृष्टीची देणगी.

तिसऱ्या ब्रेकदिव्याची गोष्ट याहून लहान, पण मला फार आवडते. मागून होणाऱ्या धडका कमी व्हाव्यात म्हणून अमेरिकेने मोटारींना १९८६ च्या मॉडेलांपासून आणि हलक्या ट्रकांना १९९४ च्या मॉडेलांपासून उंचावरचा मधला ब्रेकदिवा सक्तीचा केला. पिकअपमध्ये त्याला जागा एकच : केबिनच्या मागच्या काचेच्या वर, छपराच्या कडेला. नियम योग्य होता. पण त्यासाठी उभ्या पावसाच्या माऱ्यात असलेल्या पत्र्याला एक आयताकृती भोक पाडावे लागले आणि ते फोमच्या पातळ गॅस्केटच्या भरवशावर सोडावे लागले. गॅस्केट चेपून कडक झाले की पाणी छताच्या अस्तरामागून उतरते आणि आसनाच्या पाठीमागे साचते. मालक मागची काच गळते असे समजून तिच्या कडेने सिलिकॉन फासत राहतो. दिवा काढून गॅस्केट बदलणे हे अर्ध्या तासाचे काम असते.

सिलिकॉनचा हा मोह सर्वत्र आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या पोलादावर गंजाला हातभार लावते; शिवाय त्यावर रंग धरत नाही. जोडांसाठी पॉलियुरेथेनचे लुकण असते आणि तेही गंज खरवडून, अस्तराचा रंग दिल्यावरच भरायचे असते. पण आधी भोक सापडायला हवे. त्याची रीत जुन्या कारागिरांनी ठरवून ठेवली आहे. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने नळी धरावी, आणि पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे. छपरापासून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जोडांवरून ओघळते आणि कशाचाच पत्ता लागत नाही. रबरावर खडूची भुकटी लावून दार मिटले की तिचा ठसा चौकटीवर उमटतो. जिथे उमटत नाही तिथे रबर टेकत नाही. एवढ्या शोधाला मजुरी द्यायला ग्राहक नाखूश असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी शोध होत नाही, फासाफास होते.

पूर्वी ट्रकच्या केबिनमध्ये रबरी चटई असे. ती उचलली की ओल दिसे. १९७० च्या दशकापासून पिकअप घरगुती आणि ऐषारामी होत गेली, तसा गालिचा आणि त्याखाली जाड अस्तर आले. हे अस्तर कित्येक दिवस पाणी धरून ठेवते आणि वरून कोरडे लागते. पुढे त्याच परिसरात विजेच्या तारांचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक पेट्याही बसू लागल्या. आता गळतीची पहिली खूण ओला पाय असतेच असे नाही. कधी डॅशबोर्डवर निष्कारण पेटलेला दिवा, कधी काचेवर आतून धरलेले बाष्प.

जानेवारी २०१४ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात फोर्डने २०१५ ची एफ-१५० सादर केली. केबिन आणि हौदा ॲल्युमिनियमचे. तांबडा गंज हा विषय पत्र्यापुरता संपला. त्याच्या जागी ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकले तर होणारी झीज आली, म्हणून रिव्हेट, चिकटद्रव्ये आणि बोल्टांवरचे लेप यांचे नवे शास्त्र आले. दाराच्या काचेची फट आहे तशीच आहे. पाणी अजूनही तिच्यातून आत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते.